आरपीएम अपग्रेडमध्ये जुनी अनइन्स्टॉल स्क्रिप्ट डेटा उडवतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दादर, ठाणे आणि वाशीच्या लॅबमध्ये आमचं बिलिंग सॉफ्टवेअर आरपीएम पॅकेजने (लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवायचा एक प्रकार) बसवलंय. चाचणीच्या मशीनवर नवीन व्हर्जन टाकलं, सर्व्हिस सुरू झाली आणि लगेच बंद. डेटाचा फोल्डरही गेला.

कारण कळलं. अपग्रेडमध्ये नव्या पॅकेजची पोस्ट स्क्रिप्ट (बसवल्यानंतरची) आधी चालते, जुन्याच्या प्रीअन आणि पोस्टअन (काढण्याआधीची आणि काढल्यानंतरची) त्यानंतर. या दोन्ही स्क्रिप्टना पॅकेज पूर्ण काढताना ० हा आकडा मिळतो, अपग्रेडला १. हा आकडा तपासायचा माझ्याकडून राहिला होता, म्हणून अपग्रेडलाही पूर्ण काढल्यासारखी साफसफाई झाली. आता तपासणी घातलीय, पण लॅबमध्ये बसलेल्या पॅकेजची स्क्रिप्ट जुनीच, ती एकदा तरी चालणारच.

विचार असा: नव्या प्री स्क्रिप्टमध्ये (बसवण्याआधीची) सर्व्हिस थांबवून डेटाची कॉपी बाजूला ठेवायची, पोस्टट्रान्समध्ये परत आणायची. ही स्क्रिप्ट जुन्याचं सगळं आटोपल्यावर चालते. कॉपी फसली तर प्रीमधून एरर देऊन अपग्रेडच अडवायचा. पोस्टअन न चालवण्याचा नोपोस्टअन पर्याय माहीत आहे, पण तो आरपीएम कमांडला हाताने द्यावा लागतो आणि लॅबवाले स्वतः डीएनएफने (पॅकेज अपडेट करायची कमांड) अपडेट करतात.

असं कुणी केलंय का? अर्ध्यात वीज गेली तर काय करता? रुग्णांची बिलं आहेत, एकही गमवायचं नाही.