पुनर्वसन, समायोजन की आणखी काही?

लष्करकर: नेपाळच्या माजी माओवादी सैनिकांवरचा एक अहवाल मराठीत करतोय. 'रीइंटिग्रेशन'ला, म्हणजे त्यांनी पुन्हा समाजात मिसळण्याला, अडलोय. २०१२ पर्यंत छावण्यांतल्या लोकांपुढे तीन वाटा होत्या. नेपाळी सैन्यात जा, हुद्द्याप्रमाणे ५ ते ८ लाख नेपाळी रुपये घेऊन घरी जा, नाहीतर एखादा धंदा शिकून घ्या. तिसरीचं नाव 'रिहॅबिलिटेशन', आणि ती घेतली अवघ्या ६ जणांनी. आता माझं वाक्य वाचा: "पुनर्वसनाच्या कार्यक्रमात पुनर्वसन सहाच जणांनी निवडले." बायकोनं विचारलं, मग बाकीच्यांचं काय केलं?

मुळाकाठी: पुनर्वसन धरणग्रस्तांचं होतं. 'पुनःसमावेशन' लिहा.

मुरारवाली: एकदा मोठ्यानं म्हणून बघा हो. नेपाळीत सैन्यात सामावून घेण्याला 'समायोजन' म्हणतात. घ्या की तेच.

निवृत्त मास्तर: समायोजन अतिरिक्त शिक्षकांचं होतं! वाचणाऱ्याला वाटेल, कॉम्रेडला जिल्हा परिषदेच्या शाळेवर पाठवलं.

दालबाजार: चंबळच्या डाकूंनी बंदुका टाकल्या त्याला आमची आजी सरळ 'बागी माणसांत आले' म्हणायची. एप्रिल १९७२, जौरा, समोर जयप्रकाशजी. पुढे बरेच जण मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात होते. मोहरसिंग तर सुटल्यावर मेहगावचा नगराध्यक्ष झाला. याहून माणसांत येणं कुठलं?

मुळाकाठी: 'बागी' मराठी नाही, बंडखोर म्हणा. आणि तुम्ही ग्वाल्हेरकडचे लोक 'समर्पण' म्हणता तेही हिंदीच. मराठीत शरणागती.

दालबाजार: जौऱ्यात बंदुका ठेवल्या गांधीजींच्या तसबिरीपुढे. पोलिसांना शरण गेले असं म्हणाला असतात, तर एकही खाली आला नसता. गडचिरोलीच्या मराठी बातम्यांतही 'आत्मसमर्पण'च छापतात, तिथे कोणता ग्वाल्हेरी बसलाय?

मुरारवाली: बंडखोर ठीक नाही. बंड दिवाळीत फराळावरूनही होतं आमच्याकडे. पण लष्करकर, मला 'पुनर्'च खटकतं. युद्धात कितीतरी जणांनी जातीबाहेर लग्नं केली होती. गावानं सून घरात घेतली नाही, म्हणून ते तराईतल्या बाजारगावांत दुकान टाकून बसले. पुन्हा कुठे गेले ते? नवीनच वसले. 'बस्तान बसवणं' बघा.

लष्करकर: मथळ्यात 'माजी लढवय्यांचे बस्तान'? संपादक माझंच बस्तान हलवतील.

निवृत्त मास्तर: 'पोटापाण्याला लावणे' काय वाईट आहे?

मुरारवाली: त्यात फक्त पोट येतं, काका. शेजारी लग्नाला बोलावतात का, ते येत नाही.

इतिहासवेडा: हे सगळं इंग्रजांनी पेंढाऱ्यांबरोबर केलंय. त्यांचा म्होरक्या करीमखान १८१८ साली माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याला शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन देऊन बसवलं. अमीरखानाला तर टोंकची नवाबी. पेंढा पळवणारे ते पेंढारी, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

मुळाकाठी: अमीरखान पठाण, त्याला पेंढारी म्हणू नका. आणि पेंढ्याची ती व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेली आहे. पिंड नावाची ज्वारीची दारू पिणारे, म्हणून पेंढारी.

दालबाजार: दोन्ही चूक. निमाडातल्या पांढार भागातले, म्हणून.

लष्करकर: अहो, मला परवा मजकूर द्यायचाय.

इतिहासवेडा: पांढार असतं तर 'पांढारी' झालं असतं. 'ए' कुठून आला?