मदत हवी आहे: 'गुड मॉर्निंग'च्या टॅपचा आवाजच येत नाही

घाईत_आहे
नमस्कार. 'सिंगिंग इन द रेन' या हॉलिवूड सिनेमातलं 'गुड मॉर्निंग' हे टॅपचं (बुटाखालच्या धातूने ठोके वाजवत नाचायचं) गाणं आम्ही तिघं करतोय. स्टेप्स बसल्यात, पण टॅपचा आवाज येत नाही. सिनेमात कसा एकेक ठोका मोजून घ्यावा असा येतो, आमचा नुसता फदफद. शिवाय गाण्याच्या मागे पडतो. कार्यक्रमाला १२ दिवस उरलेत, हॉल ३०० लोकांचा. 'क्लास लावा' कृपया सांगू नका. काय करू?

खटपट्या
बूट कसले? खाली जमीन कसली? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

घाईत_आहे
साधे काळे फॉर्मल बूट, बूटदुरुस्तीवाल्याकडून नाल ठोकून घेतलेत. आणि स्टेज आहे, स्टेजवरच करणार ना.

खटपट्या
अहो, स्टेज लाकडी, सिमेंटचं, की मंडपवाल्याचं लोखंडी? सोल चामड्याचा की रबराचा?

घाईत_आहे
सिमेंटचा कट्टा, वर कोटा फरशी, वर हिरवं जाजम. जाजम काढता येईल. सोल रबराचाच असणार.

जुनाफिल्मी
या गाण्याबद्दल थोडं. ते या सिनेमासाठी लिहिलेलंच नाही. आर्थर फ्रीड आणि नॅसिओ हर्ब ब्राउन यांचं हे गाणं १९३९ च्या 'बेब्ज इन आर्म्स'मध्ये मिकी रूनी आणि जुडी गार्लंड यांच्यावर आहे. १९५२ चा हा सिनेमा बराचसा फ्रीड-ब्राउन जोडीच्या जुन्या गाण्यांवरच उभा केलाय.

घाईत_आहे
धन्यवाद, पण माझ्या टॅपचं काय?

भिंगरी
आधी एक गैरसमज काढा. सिनेमातला आवाज चित्रीकरणाच्या वेळचा नाही. गाणं आधी रेकॉर्ड व्हायचं, सेटवर ते लावून नाचायचं, आणि टॅपचे ठोके नंतर स्टुडिओत चित्र बघत वेगळे घ्यायचे. हा सिनेमा काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओची हीच पद्धत होती. नीट ऐका: जिन्यावर, हॉलमध्ये, सगळीकडे टॅप तितकाच जवळून ऐकू येतो. त्यामुळे तसा आवाज थेट पायातून काढायचा हट्ट सोडा. तुम्हीही ठोके रेकॉर्ड करून ट्रॅकमध्ये मिसळा. प्रश्न मिटला.

खटपट्या
मिटला कसा? तीन माणसांचे पाय ट्रॅकवरच्या ठोक्यांशी १२ दिवसांत जुळणार? एकाचा पाय जरा उशिरा पडला की पहिल्या रांगेला कळतं. सिनेमाचा नायक आणि सहदिग्दर्शक जीन केलीनं ठोके चित्रावर बसवले. इथे पाय ठोक्यांवर बसवायचेत, ते जास्त अवघड. जमीन बदला.

रबरी सोलवर नाल म्हणजे उशीवर चमचा आपटणं. रबर ठोका गिळतं, खिळेही सैल होतात. सोल चामड्याचा हवा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या टॅप प्लेट स्क्रूने बसवायच्या, एक चवड्याखाली, एक टाचेखाली. स्क्रू फार आवळले तर आवाज बोथट, सैल सोडले तर किरकिर आणि जमिनीवर ओरखडे. रोज सरावाआधी हात फिरवून बघा. नाल झीज वाचवायला असते, नाचायला नाही. गुळगुळीत फरशीवर घसरून पडाल.

कोटा फरशी तर काढूनच टाका डोक्यातून. दगडाला पोकळी नाही म्हणून घुमत नाही, लवत नाही म्हणून चार दिवसांत नडग्या धरतात. १८ मिमीच्या प्लायच्या तीन ८ बाय ४ शीट लांब बाजूने शेजारी शेजारी लावा, म्हणजे १२ बाय ८ फूट. प्रत्येक शीटखाली २ बाय १ इंची रिपा, १६ इंचांवर एक, आणि रिपेखाली रबराची पट्टी. मधल्या पोकळीत फोम अजिबात भरू नका, ढोल त्या हवेमुळेच वाजतो. वर ६ मिमी हार्डबोर्ड, गुळगुळीत बाजू वर, स्क्रूची डोकी आत बुडवलेली. सांधे खालच्या प्लायच्या सांध्यांवर येऊ देऊ नका, कडांना गॅफर टेप (स्टेजवर वापरतात ती कापडी टेप). एक शीट ३० किलोच्या आसपास भरते, उचलायला दोघं ठेवा.

भिंगरी
एका गाण्यासाठी सुतारकाम? आणि ३०० लोकांच्या हॉलमध्ये शेवटी माईक लागणारच.

खटपट्या
लागणारच, नाही कोण म्हणतंय? पण फदफद मोठी करून फदफदच ऐकू येते.

ध्वनिवेडा
माईकचं मी सांगतो. स्टेजच्या पुढच्या कडेला दोन बाउंडरी माईक (सपाट ठेवायचे असतात ते), प्लायवर नाही, प्लायच्या बाहेर फोमच्या तुकड्यावर, नाहीतर सगळी धडधड आत जाते. १०० हर्ट्झच्या खालचं कापा. कंडेन्सर (वीज लागणारे) माईक असतील तर मिक्सरवरून त्यांना जाणारी ४८ व्होल्टची 'फँटम' वीज चालू आहे ना बघा. 'माईक खराब आहे' म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा तेच बंद असतं. मॉनिटर स्पीकरचं (तुम्हाला ट्रॅक ऐकू यावा म्हणून स्टेजवर ठेवतात त्याचं) तोंड माईककडे नको, शिट्टी मारेल.

पावसाळी_ढग
पावसासाठी पाण्यात दूध घाला. सिनेमातल्या पावसातल्या गाण्यात केलीनं तेच केलं होतं, म्हणून थेंब दिसतात.

जुनाफिल्मी
दुधाची दंतकथा कधी मरणार? थेंब दिसतात ते मागून टाकलेल्या उजेडामुळे. कॅमेरामन हॅरोल्ड रॉसन. त्या दिवसांत केलीला ताप होता, हे मात्र खरं.

घाईत_आहे
आमच्या गाण्यात पाऊस नाहीये हो! घरात नाचतात ते.

पावसाळी_ढग
रेनकोट आहेत ना पण?

भिंगरी
रेनकोट आहेत, कोरडे. :) त्यांच्यावरून आठवलं, तो तुकडा आवाज न काढता करा, हातातल्या कोटाकडे बघायचं असतं तेव्हा पाय कुणी ऐकत नाही. तेवढा श्वासही मिळतो.

सरळसोट
'गाण्याच्या मागे पडतो' हे कुणी बघितलंच नाही. सराव कुठल्या व्हिडिओवर, आणि स्टेजवर ट्रॅक कुठला?

घाईत_आहे
सराव आमच्याकडच्या जुन्या डीव्हीडीवर. ट्रॅक नेटवरून घेतला, बिनशब्दांचा.

सरळसोट
डीव्हीडीवर सिनेमाची लांबी किती दाखवते? १०३ मिनिटं की ९९?

घाईत_आहे
९९. कापलाय का?

सरळसोट
कापलेला नाही, पळवलाय. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, पाल या टीव्ही पद्धतीची डीव्हीडी २५ ने चालते. सगळं ४ टक्के जलद, सूरही जवळजवळ पाऊण सेमीटोन वर (सेमीटोन म्हणजे पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर). तुमचे पाय त्या वेगाला बसलेत आणि ट्रॅक मूळ लयीत असेल, तर तुम्ही मागे नाही, पुढे पळताय. थांबून लय धरता, मग मागे पडता. प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा, किंवा यापुढे फक्त ट्रॅकवर सराव करा. टीव्हीला ब्लूटूथ स्पीकर जोडला असेल तर तोही काढा, चित्र आणि आवाज फाटतात.

घाईत_आहे
अरे देवा. जोडलाय.

जुनाफिल्मी
नेटवरची रुंद पडद्याची क्लिप मात्र घेऊ नका. मूळ चौकट १.३७:१ ची. ती १६:९ करताना वरखालून मिळून उंचीचा जवळजवळ चौथा भाग जातो, म्हणजे नेमके पाय. केली आणि त्याचा सहदिग्दर्शक डोनन यांनी माणूस आपादमस्तक दिसेल अशीच चौकट धरलीय.

अवांतर: डबिंगचा विषय निघालाच आहे तर, सिनेमाच्या गोष्टीत नवखी कॅथी प्रसिद्ध नटी लीनाला आवाज देते, पण त्या प्रसंगातले लीनाचे संवाद प्रत्यक्षात लीना झालेल्या जीन हेगनच्याच आवाजात आहेत. आणि कॅथीच्या तोंडचं 'वुड यू' हे गाणं गायलंय बेटी नॉयसनं.

भिंगरी
फ्लॅप या टॅपच्या स्टेपमध्ये दोन आवाज वेगळे येतात का तेही बघा. चवडा पुढे घासत जातो तो एक, वजन पडतं तो दुसरा. घोटा आवळलेला असेल तर दोन्ही चिकटून एक होतात आणि मग प्लाय घाला नाहीतर संगमरवर, फदफदच. तिघांनी एकेकट्याने निम्म्या वेगात वाजवून दाखवा. ज्याचा एकच ठोका येतो, तो सापडला.

घाईत_आहे
सापडला. मीच. :( प्लाय सांगितला, बूट बदलतोय. एक राहिलंच, शेवटी सोफा पाठीवर उलटवायचा आहे. घरचाच नेतोय, हरकत नाही ना?

खटपट्या
हे आत्ता सांगताय? घरचा सोफा मुळीच नको. पाठ गुबगुबीत असली की पाय रुततो, घोटा वळतो. लाकडी चौकटीचा, बुटक्या पाठीचा बाक घ्या, पाठीत आतून १२ मिमी प्लाय, वर पातळ फोम आणि खरखरीत कापड. रेक्झिनवर धातूची प्लेट सटकते. मागच्या पायांना रबर लावा, नाहीतर बाक उलटण्याऐवजी मागे सरकतो. पाठ पडेल ती जागा हार्डबोर्डच्या बाहेर, जाजमावर. एक पाय बैठकीवर, दुसरा पाठीच्या वरच्या कडेवर, आणि तिघांचं वजन त्या कडेवर एकाच मात्रेला. एक जरी चुकला तरी बाक तिरका पडतो आणि कडेचा माणूस खाली. पहिले तीन दिवस मागे दोघांनी बाक धरून हळूहळू खाली सोडायचा. ते जमलं नाही तर बाकावर नुसते बसा आणि हसा, गाणं तसंही हसण्यावरच संपतं.