कुत्र्यांना विष घालणाऱ्याला पन्नास रुपये दंड पुरे का?

रानजाई (२८ मे)
आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर ९ मार्चला पहाटे चार कुत्र्या मेलेल्या सापडल्या. तोंडाला फेस, शेजारी अर्धवट खाल्लेली भजी. तिघींच्या कानाला नसबंदीची खाच होती. चौकीत गेले तर अदखलपात्र (म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत अशी) नोंद करून हातावर कागद ठेवला. "मॅडम, यात पन्नास रुपयांच्या वर काही होत नाही."

घरी येऊन कायदा वाचला. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, कलम ११. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांत पुन्हा केलं तर पंचवीस ते शंभर रुपये, नाहीतर फार तर तीन महिने कैद, किंवा दोन्ही. २०१४ साली जल्लिकट्टूच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा अपुरी असल्याचं म्हटलं. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा काढला, हरकती मागवल्या, कायदा मात्र झाला नाही.

ठरवून, भजी तळून, त्यात विष कालवून जीव घेणाऱ्याने तुरुंगात जायला हवं. मला यात दुसरी बाजूच दिसत नाही. कुणाला दिसत असेल तर सांगा.

मेंढवाडा
दुसरी बाजू मी सांगतो ताई. मागच्या पावसाळ्यात रात्री वाड्यात कुत्री घुसली. सात कोकरं फाडली, खाल्ली एकही नाही. बिबट्याने मारलं असतं तर वनखात्याकडे भरपाई मागता आली असती. कुत्र्याने मारलं तर पंचनाम्यालाही कुणी येत नाही. उद्या मी काठी घातली तर तुमच्या हिशोबाने मी आत. बरोबर?

रानजाई
नाही. कळप वाचवायला घातलेली काठी आणि झोपलेल्या गल्लीत टाकलेलं विष एका तागडीत कसं तोलता? कायद्याचे शब्दही 'अनावश्यक क्रूरतेने' असेच आहेत.

स्पष्टवक्ता
पुन्हा कुत्रापुराण. कोर्टाने याचा निकाल लावलाय हो. २०२० साली मरीन ड्राइव्हवर जेवणाची पार्सलं पोचवणाऱ्या विद्यार्थ्याच्या दुचाकीखाली भटका कुत्रा आला. श्वानप्रेमींच्या तक्रारीवरून पोरावर गुन्हा दाखल. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. वर त्या मुलाला वीस हजार रुपये द्या आणि ते गुन्हा नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या पगारातून वसूल करा, असं बजावलं. तुमच्या चौकीतल्या माणसाने हे वाचलं असेल, म्हणून त्याने सोपा कागद दिला.

जुना कारकून
त्या निकालाची नीट फोड करू. बेदरकार गाडी चालवण्याची जी कलमं लावली होती, ती माणसाच्या जिवाला धोका झाला तर लागतात. कुत्रा माणूस नाही, म्हणून ती गळली. आणि कुत्र्याला मारण्याचा त्या पोराचा हेतूच नव्हता. भजीत विष कालवणारा 'हेतू नव्हता' कोणत्या तोंडाने म्हणेल?

आता रानजाई, तुम्हाला चुकीचा कागद मिळालाय. कलम ११ मधले बहुतेक प्रकार अदखलपात्र आहेत हे खरं, पण प्राण्याला क्रूरपणे ठार मारण्याचा खंड दखलपात्र आहे. कलम ३१ दाखवा. त्याशिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे. प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जुन्या दंडसंहितेत जनावराची किंमत दहा रुपये की पन्नास, यावर कलम बदलायचं. ती भानगड आता गेली.

स्पष्टवक्ता
कारकूनसाहेब, अर्धंच सांगितलंत. ३२५ मध्ये आधी 'आगळीक' सिद्ध करावी लागते, आणि आगळीक म्हणजे मालमत्तेचं नुकसान. बेवारस कुत्रा कुणाची मालमत्ता?

जुना कारकून
मुद्दा बिनतोड आहे, बचावाचा वकील तोच मांडेल. म्हणून तर दोन्ही कायद्यांखाली नोंद करायची.

चाळकरी
मी कुत्र्यांच्या बाजूचा, तरी पाच वर्षांच्या मागणीला माझा विरोध. आमच्याकडे असंच झालं. विष टाकलं वॉचमनने, टाकायला सांगितलं कमिटीतल्या दोघांनी. तक्रारीत नाव कुणाचं? वॉचमनचं. नोकरी गेली, तो गावाला गेला. ते दोघे यंदा पुन्हा कमिटीवर बिनविरोध. शिक्षा वाढली की असाच एखादा आत जाईल.

(अवांतर: मुंबईत १८३२ साली पोलिसांनी बक्षीस लावून भटकी कुत्री मारायला घेतली, तेव्हा पारशी मंडळींनी दंगा करून बाजार बंद पाडले होते. हे भांडण आपल्या पणजोबांहून जुनं आहे.)

रानजाई
वॉचमनचं पटलं. याचा विचार मी केला नव्हता. पण मग सांगणाऱ्यापर्यंत पोचणारा तपास मागू ना. पन्नास रुपयांच्या गुन्ह्यासाठी कुणी कॉल रेकॉर्ड काढत नाही. शिक्षा मोठी असेल तरच पोलीस मनावर घेतात.

जुना कारकून
शवविच्छेदन झालं का?

रानजाई
एकीचंच. बाकी तिघी पालिकेच्या गाडीने नेल्या, आम्ही धावेपर्यंत. व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) तपासणीला गेलाय, अहवाल आलेला नाही.

जुना कारकून
मग आधी कॅलेंडर बघा. १९६० च्या कायद्याचं कलम ३६ म्हणतं, घटनेपासून तीन महिन्यांनंतर खटला भरता येत नाही. तुमची घटना ९ मार्चची आणि आज २८ मे. अहवालाची वाट बघत बसलात तर तो तुमच्या हातात येईल आणि खटल्याची मुदत गेलेली असेल. असे कागद मी पाहिलेत. ३२५ ला ही तीन महिन्यांची अट नाही, पण ते कलम अजून लागलेलंच नाही. लेखी अर्ज वरिष्ठांच्या नावाने द्या आणि पोच घ्या. शिक्का नसलेली पोच घेऊ नका.

रानजाई
उद्या सकाळीच जाते.

मेंढवाडा
जा ताई. फक्त कारकूनसाहेब, माझी सात कोकरं कोणत्या कलमात बसतात तेवढं सांगा.

जुना कारकून
कुत्री कुणाची होती?

मेंढवाडा
कुणाचीच नाही.