मदत हवी आहे: धूप झालेल्या माळावर झाडं लावली, माती जिवंत होतेय का कसं तपासू?

नमस्कार मंडळी. पुरंदर तालुक्यात आमचा उताराचा माळ आहे. वरची माती कधीच वाहून गेली, नुसता मुरूम उरला होता. 2019 च्या पावसाळ्यात समतल चर काढून करंज आणि कडुनिंब लावले. परवा करंजाखालचा पाचोळा सारला, तर खाली बुरशीची पांढरी जाळी आणि मातीला तो ओळखीचा वास! खरंच भरून आलं. मुळांवरच्या गाठी कापल्या तर आतून गुलाबी, म्हणजे नत्र स्थिरीकरण (गाठींतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला वापरता येईल असा करतात ते) चालू आहे. कडुनिंबाखाली मात्र जमीन अजून टणकच.

चीनच्या लोएस पठारावर (वाऱ्याने साचलेल्या, सहज धुपणाऱ्या बारीक मातीचा प्रदेश) 1999 पासून उताराची शेती थांबवून करंजासारखीच शेंगवर्गीय असलेली रोबिनियासारखी झाडं लावली. तिथे झाडांच्या वयासोबत मातीतले सूक्ष्मजीव वाढले, पण खोलवरची ओल घटली. आमच्याकडे पाणी आधीच कमी, म्हणून ही धास्ती वाटते.

सूक्ष्मजीवांसाठी नमुना किती खोलीवरून आणि कोणत्या महिन्यात घ्यावा? नुसता सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत आलेला कार्बन) मोजून कळेल का? शेजारचा पडीक तुकडा तुलनेला ठेवलाय. कडुनिंबाखाली करंजाखालची मूठभर माती टाकून कुणाला फरक दिसलाय का? अनुभव असेल तर जरूर सांगा.