क्रोशाचं चौकड्याचं कार्डिगन: कुणाचं अंगावर आहे, कुणाचं अजून पिशवीत? (अनुभव धागा)

लाकडी_मूठ
भाचीने परवा मोबाइल पुढे केला. "मावशी, हे असं विणून दे ना." पाहते तर काळे-पांढरे चौकोन एकाआड एक जोडलेलं कार्डिगन, बुद्धिबळाचा पट अंगात घातल्यासारखं. किंमत वाचली आणि मुकाट्याने फोन परत दिला. पण मग दिवसभर आईचं जाकीट डोक्यातून जाईना.

आम्ही तेव्हा सोलापुरात साखर पेठेत राहायचो. दुपारची भांडी झाली की आई कट्ट्यावर यायची. शेजारच्या अक्का तिथे विड्या वळत बसलेल्या असायच्या, मांडीवर सूप, सुपात पानं न् तंबाखू. त्यांची हजाराची मोजणी चालायची आणि आईची चौकोनांची. दोघींचं हाताकडे लक्षच नसायचं, सगळं लक्ष गल्लीत कोण आलं-गेलं याच्यावर. आईच्या सुईला लाकडी मूठ होती, अंगठा टेकायचा तिथे खळगा पडलेला.

लोकर नवीन कुठली? वडिलांचा मरून स्वेटर आणि माझा शाळेचा बिस्किटी. दोन्ही उसवले. उसवलेली लोकर कुरळी येते ना, ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची, चार जागी सैल बांधायची, भिजवायची, आणि खाली पाण्याचा तांब्या अडकवून दोरीवर टांगायची. दुसऱ्या दिवशी सरळ. त्यातून मरून-बिस्किटी चौकडा झाला आणि तो मी कॉलेज संपेपर्यंत वापरला.

मला चौकोन येतात, तोरणं-रुमाल पुष्कळ केलेत. पण अंगात घालायचं काही जोडून केलेलं नाही. ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. जोडणी कशी केली, धागा कुठला, आणि पुरं झालं का!

हुग्गी_प्रेमी
सोलापुरात कार्डिगन?? मे महिन्यात ४४ डिग्रीला??? 😂

लाकडी_मूठ
गड्ड्याच्या जत्रेसाठी की ओ! होम मैदानावर रात्री पाळण्यात बसून बघा, वरती गेल्यावर कळतं वारं.

हुग्गी_प्रेमी
हां ते आहे. आमच्याकडे सगळे स्वेटर संक्रांतीच्या आठवड्यापुरतेच बाहेर येतात. जत्रेच्या मिरवणुकीत नंदीध्वजाबरोबर बाराबंदी (बंदांचा अंगरखा) घालून चालणाऱ्यांना थंडी कशी वाजत नाही देव जाणे.

मागवाला_बाप
(लेक लिहितेय, बाबांचा आयडी) लोकर नको, सूत घ्या. आपण चादरी-टॉवेलच्या गावात राहतो आणि ॲक्रिलिक घालून घामाघूम होतो हे मला पटत नाही. आमचा पूर्व भागात कारखाना होता, चार माग. कोनावरचं उरलेलं सूत पोत्यात पडलेलं असायचं. बारीक असतं, म्हणून पाच-सहा पदर एकत्र घेऊन विणलं. पीळ नसल्यामुळे सुई पदरांच्या मधून घुसते, ते सांभाळायचं. बाबांनी कांडी भरायच्या चरख्यावर थोडा पीळ देऊन दिला तेव्हा कुठे बरं झालं.

सुताचं कार्डिगन जड होतं आणि स्वतःच्याच वजनाने खाली ओघळतं. म्हणून विणताना दोन इंच तोकडंच ठेवा. खांद्याच्या शिवणीला आणि मागच्या मानेला आतून सुती फीत शिवा, नाहीतर खांदे कोपरापर्यंत येतात. आणि सूत आधी लडी करून धुऊन घ्या. आटायचं ते आधीच आटू दे.

रंगाचं पण बघा. लाल-काळा सुटतो. ओल्या पांढऱ्या फडक्यात धागा दाबून बघायचा, डाग आला तर तो रंग पांढऱ्याशेजारी नको.

शेपट्या_लपवा_समिती
माझं पिशवीत आहे. पिशवी दिवाणात. दिवाणावर सासरे. पुढचं विचारू नका.

लाकडी_मूठ
😂😂 सासऱ्यांना उठवा!

सातरस्ता_गणित
मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आधी कागदावर मांडलं. कुणाला उपयोग झाला तर बघा.

चौकड्याला एकच नियम: आडवे चौकोन सम संख्येत घ्यायचे. विषम घेतले तर समोर पट्टीशी काळ्याला काळा भेटतो. माझा चौकोन ४ नंबरच्या सुईने, तीन फेऱ्यांत साडेआठ सेंटिमीटरचा. आडवे १२ घेतले, म्हणजे १०२ सेंटिमीटर, ३६-३८ छातीला सैलसर. उंचीला ६. पुढे डावीकडे ३, उजवीकडे ३, पाठीला ६. काखेपाशी वरच्या दोन ओळी जोडायच्या नाहीत, तीच बाहीची जागा. बाहीला गोलाईत ४, लांबीला ५.

गळ्याला पुढच्या कडेचा सगळ्यात वरचा चौकोन गाळायचा आणि त्याच्याखालच्याच्या जागी अर्धा चौकोन, म्हणजे त्रिकोण. दोन्ही बाजूंना तसंच. की व्ही गळा तयार. खांदा जोडताना, बाही लावताना रंग आपोआप एकाआड एक येतात, काही बघावं लागत नाही.

एकूण १०८ पूर्ण चौकोन आणि २ त्रिकोण.

हुग्गी_प्रेमी
१०८! म्हणजे जपमाळच की. प्रत्येक चौकोनाला एकदा हर्र बोला!

सातरस्ता_गणित
सासूबाई अगदी हेच म्हणाल्या 🙏😄 आणि लोकर किती लागेल ते विचारायच्या आधीच सांगते. एक चौकोन विणा, किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा, १०८ ने गुणा, वर दहावा हिस्सा काठ-पट्टीला. माझी पावणेपाचशे ग्रॅम लागली. सगळी एका दमात घ्यायची, लेबलवरचा लॉट नंबर सारखा बघून. शेड नंबर तोच असून लॉट वेगळा असला की उन्हात फरक दिसतो.

अर्धा_खांब
हे त्या गायक हॅरी स्टाइल्समुळे सुरू झालं ना? २०२० मध्ये त्याने रंगीत चौकोनांचं कार्डिगन घातलं, मग लॉकडाउनमध्ये जगभरच्या पोरी तेच विणत बसल्या. ते ज्या ब्रँडचं होतं, त्या जेडब्ल्यू अँडरसनने शेवटी त्याचा नमुनाच फुकट देऊन टाकला. लंडनच्या व्हीअँडए म्युझियमने ते कार्डिगन घेतलंय आता.

उलट_सुलट
ते क्रोशाचं नाही हो, दोन सुयांवरचं आहे. आधी पट्ट्या-चौकोन विणून मग शिवलेलं. दिसायला चौकडाच, पण अंगावर पातळ पडतं. क्रोशाला दोन सुयांपेक्षा लोकर जास्त लागते आणि कापड जाड होतं. म्हणून क्रोशाचं करताना सुई अर्ध्या नंबरने मोठी घ्या, हात सैल ठेवा.

अर्धा_खांब
अय्या, मला ते क्रोशेच वाटत होतं. बरं झालं.

गोदावरीची_सून
आमच्या घरी तेलुगू बोलतात, माझं माहेर तिकडे आंध्रात, गोदावरीकाठी. नरसापूरचं नाव ऐकलंय का? तिथली क्रोशाची लेस जगभर जाते. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बायकांना शिकवली, अजून घराघरात चालू आहे. २०२४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालं. आपल्या चादरीला तर कधीच मिळालेलं आहे.

माझी आज्जी घट्ट सुताने इतकी बारीक फुलं करायची की बघून डोळे दुखावेत. मजुरी मात्र नगावर, दोन पैसे. लेस घेऊन जाणारा माणूस जे देईल ते. म्हणून "क्रोशे महाग असतं" कुणी म्हणालं की मला हसू येतं. खरं क्रोशे मशीनवर होतच नाही, दुकानात शंभर रुपयांना टॉप दिसला तरी तो कुणीतरी हाताने विणलेला असतो. मग त्या बाईला काय मिळालं असेल, करा हिशोब.

भाचीने दाखवलेली किंमत मला तरी जास्त वाटत नाही. किती होती?

लाकडी_मूठ
साडेसहा हजार. तुमचं वाचून आता स्वस्त वाटायला लागलंय.

सकाळची_हुतात्मा
मी पूर्ण केलंय!! आणि सगळे चौकोन हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये. नवऱ्याची बदली पुण्याला, मी शनिवार-रविवार जाऊन-येऊन. सकाळी साडेसहाला गाडी हलली की सुई बाहेर. चौकोनाचं हेच बरं, मांडीवर मोठं धूड नसतं, शेजारच्याला टोचत नाही, तिकीट तपासनीस आला तर पटकन पर्समध्ये. कुर्डुवाडीच्या आत पहिला व्हायचा. दौंडनंतर गर्दी, तेव्हा फक्त शेपट्या (धाग्याची सुटी टोकं) लपवायच्या.

एकदा समोरच्या आजोबांनी पूर्ण प्रवास बघितलं आणि उतरताना म्हणाले, "बाई, हे तोरण लई मोठं होणार."

हुग्गी_प्रेमी
वंदे भारतने गेलात तर चौकोन कमी होतील.

सकाळची_हुतात्मा
म्हणून तर जात नाही 😄 तिकिटात लोकर येते.

शेपट्या_लपवा_समिती
शेपट्यांचं कुणीतरी बोललं! १०८ चौकोनांच्या २१६ शेपट्या, आणि चौकोनात मध्येच रंग बदलला तर दुप्पट. सगळं झाल्यावर लपवू म्हणणाऱ्यांचंच दिवाणात जातं.

कौदीवाली
चौकोन माझे नाहीत, सासूबाईंचे. त्या गेल्या तेव्हा डालड्याच्या जुन्या डब्यात निळे आणि पांढरे चौकोन निघाले, मधोमध दोऱ्यात ओवलेले. कुणासाठी चालले होते, कुणालाच सांगितलं नव्हतं. नणंद म्हणाली उशीचा अभ्रा असेल. मला वाटतं नातवाचा स्वेटर, कारण माप लहान आहे.

कमी पडत होते म्हणून मी उरलेले विणायला घेतले. त्यांचा हात घट्ट, माझा सैल. तोच धागा, तेवढेच खांब (टाके), तरी माझा चौकोन बोटभर मोठा. आधी सुई बदलून पाहिली, तरी पुरतं जमेना. मग माहेरच्या एका काकूंनी सांगितलं की सगळ्यांना शेवटी एकाच हाताची एक फेरी दे. त्यांच्या चौकोनांना मुक्या खांबाची (बुटक्या टाक्याची) फेरी मोठ्या सुईने, माझ्यांना लहान सुईने. कडेचे टाके मोजून सारखे केले. मग जोडले. माप जुळलं. जवळून बघितलं तर त्यांचे कुठले आणि माझे कुठले ते दिसतं, आणि मला ते दिसायलाच हवंय.

आमच्याकडे कौदी शिवतात ना जुन्या लुगड्यांची, त्यात पण प्रत्येक तुकडा कुणाचा ते सांगता येतं.

गोदावरीची_सून
कौदीवाली ताई ❤️ नातवाने घातलं का?

कौदीवाली
घालतो की. बटणं तोडलीत दोन. तो काय, चार वर्षांचा आहे.

लाकडी_मूठ
काय लिहिलंत ताई. ऑफिसात वाचलं, नाक लाल झालं, साहेब विचारतात सर्दी का.

जोडणीचं अजून कुणीच नीट सांगितलं नाही हां. शिवायचं की विणायचं?

उलट_सुलट
तीन पद्धती आहेत. मुक्या खांबाने जोडलं तर उलट्या बाजूला वरंबा येतो, दणकट असतो, पण काखेत टोचतो. स्लिप स्टिचने सपाट, पण ताण बसला की कडक लागतं. मला बोथट सुईने शिवलेलं आवडतं, दोन्ही चौकोनांच्या फक्त बाहेरच्या अर्ध्या टाक्यातून. हवं तेव्हा उसवता येतं. आधी सगळ्या आडव्या रेघा एका लांब धाग्याने, मग सगळ्या उभ्या. सुटे सुटे जोडत बसलात तर कोपऱ्यांना भोकं पडतात.

जोडायच्या आधी चौकोन टाचण्या लावून एका मापाचे करा. शुद्ध लोकर आणि सूत ओलं करून वाळवलं की बसतं. ॲक्रिलिक पाण्याला दाद देत नाही, त्याला लांबून वाफ द्यायची. इस्त्री टेकवली की कापड लुळं पडतं, पुन्हा कधीच उठत नाही.

पुण्यात_अडकलेली
विषय सोडून विचारते, सोलापूरहून पुण्याला या आठवड्यात कुणी येतंय का? कडक भाकरी आणि शेंगा चटणी हवीय. इथे जी मिळते ती चटणी नाही, भुसा आहे.

सकाळची_हुतात्मा
मी शनिवारी. किती पाहिजे?

पुण्यात_अडकलेली
चटणी अर्धा किलो, भाकरी दोन पाकिटं. देव तुमचं भलं करो. बदल्यात टाचण्या लावायचा मोठा थर्माकोल देते, नवऱ्याचा टीव्ही आला त्याचा.

मागवाला_बाप
बाबा विचारतायत की १०८ चौकोन कशाला, मागावर हा चौकडा एका दिवसात वीस मीटर निघाला असता. मी म्हटलं झोपा.

हुग्गी_प्रेमी
बाबांचं बरोबर आहे बे 😂

लाकडी_मूठ
ठरलं. सुताचंच करते, पण काळं-पांढरं नाही. भाचीला मरून-बिस्किटी दाखवलं, तोंड वाकडं केलं, मग आईचा जुना फोटो दाखवला तर म्हणते "हे तर व्हिंटेज आहे!" माप तिचं ३४, म्हणून चौकोन आठ सेंटिमीटरचा धरते, संख्या तीच. उद्या संध्याकाळी नवी पेठेत जाणार आहे सूत बघायला.

शेपट्या_लपवा_समिती
जाताय तर माझ्यासाठी पण पांढरे दोन गुंडे आणा ना, ॲक्रिलिक. लेबलचा फोटो पाठवते, लॉट नंबर जुळला तरच घ्या. सासरे गुरुवारी गावाला चाललेत.