मदत हवी आहे: मायक्रोवेव्हमध्ये झिंक ऑक्साइड, पण हायड्रॉक्साइड उरतंय

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार मंडळी. घरगुती 800 वॅटच्या मायक्रोवेव्हमध्ये झिंक ऑक्साइडचे नॅनोकण करायचे आहेत. झिंक ॲसिटेट डायहायड्रेट 1.10 ग्रॅम 50 मिली पाण्यात, सोडियम हायड्रॉक्साइड 0.40 ग्रॅम 50 मिलीत. थेंबथेंब मिसळून 20 टक्के पॉवरवर 5 मिनिटं. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या चाचणीत) 31.8, 34.4, 36.3 अंशांना हवे ते पीक (आलेखातले उंचवटे) येतात, पण 20.2, 20.9, 27.2 लाही येतात. शिवाय 29.4 ला एक बारीक पीक. बीकर दोनदा उतू गेला. काय चुकतंय?

मिरज_रसायन
20.2, 20.9 आणि 27.2 म्हणजे न फुटलेलं झिंक हायड्रॉक्साइड. मोलच्या हिशोबाने झिंक आणि सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) यांचं तुमचं प्रमाण बरोब्बर 1:2 आहे, म्हणजे सगळा सोडा साका (तळाशी बसणारा न विरघळणारा गाळ) पाडण्यातच संपतो. सोडा 0.80 ग्रॅम घ्या. जादा अल्कलीत हायड्रॉक्साइड विरघळून झिंकेट (झिंकचा विरघळलेला क्षार) होतं आणि त्यातून ऑक्साइड बसतं. मिसळल्यावर पीएच 13 च्या आसपास हवा.

दुसरं, साध्या घरगुती ओव्हनमध्ये 20 टक्के म्हणजे मंद आच नव्हे. मॅग्नेट्रॉन (सूक्ष्मलहरी तयार करणारा भाग) काही सेकंद पूर्ण ताकदीने चालतो, मग बंद. 5 मिनिटांत खरी आच मिनिटभरच, तीही झटक्याझटक्याने. म्हणून उतू जातं आणि आतून कच्चं राहतं. 250 मिलीचा बीकर घ्या, वर वॉच ग्लास सैल ठेवा. पहिली उकळी दिसली की पूर्ण पॉवरवर 10 सेकंद चालू, 30 सेकंद बंद, मध्ये ढवळणं, असं एकूण 20 मिनिटं. बीकर दर वेळी फिरत्या तबकडीवर त्याच जागी. बाहेर काढण्याआधी अर्धा मिनिट थांबा. वरून शांत दिसलेलं द्रावण कांडी लागताच उसळतं आणि ते दाहक असतं. गॉगल हवाच. बंद बाटली किंवा स्टीलचा ऑटोक्लेव्ह (दाबाचं बंद भांडं) आत कधीही नको. या ओव्हनमध्ये पुन्हा खाण्याचं काही गरम करू नका.

कृष्णाकाठ
300 अंशांना भाजून घेतलं तर?

मिरज_रसायन
हायड्रॉक्साइड जाईल, पण कण चिकटून मोठे होतील आणि मूळ चूक झाकली जाईल.

सोडा_आणि_साका
29.4 चा पीक कॅल्साइटचा (कॅल्शियम कार्बोनेटचा) वाटतो. धुवायला बोअरचं पाणी वापरलंय का? आपल्याकडच्या क्षाराच्या पाण्यातला कॅल्शियम अल्कलीत लगेच कार्बोनेट होऊन बसतो. द्रावणाला आणि धुण्याला, दोन्हीकडे डिस्टिल्ड पाणीच घ्या. तीन वेळा पाणी, शेवटी इथेनॉल, मग 80 अंशांना वाळवा. सोड्याचे दाणे पावसाळ्यात ओले दिसत असतील तर ती बाटली बाजूला ठेवा, वजनही चुकतं आणि कार्बोनेटही येतं.

ओव्हनची खरी ताकदही मोजा: 1 लिटर पाणी, 2 मिनिटं पूर्ण पॉवर, तापमानातली वाढ गुणिले 35. 20 अंश वाढलं तर 700 वॅट. हा आकडा वहीत लिहा, नाहीतर दुसऱ्या ओव्हनवर हीच कृती जुळणार नाही.