अमेरिकेतला टपालाचा पत्ता हातातून चाललाय – व्हर्च्युअल मेलबॉक्सबद्दल मदत हवी आहे

परतलेला_पाहुणा

नमस्कार मंडळी,

थोडं पाल्हाळ होईल, आधीच माफी मागतो.

न्यू जर्सीत नऊ वर्षं एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काढून जून २०२२ मध्ये आम्ही पुण्याला परत आलो. निघताना गाडी विकली, घर रिकामं केलं, टपालाचं काय करायचं ते मात्र ठरेना. एडिसनमधल्या मित्राने "माझा पत्ता दे रे, येऊन येऊन किती पत्रं येणार" म्हणून विषय मिटवला. त्याला आता तीन वर्षं झाली. वहिनी दर शनिवारी पाकिटं फोडतात आणि व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात. एकदा माझ्या नावाने ज्युरी ड्यूटीचं समन्स आलं, तेव्हा बिचाऱ्या घाबरून रात्री अडीचला फोन करत्या झाल्या. (मी नागरिक नाही एवढं कळवलं की सुटका होते, हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.)

आता तो घर विकून डिसेंबरात ऑस्टिनला चाललाय. "तिकडचाही पत्ता दे" म्हणतो, पण आता मलाच लाज वाटते. शिवाय गेल्या वर्षी एक घोळ झाला. माझ्या पहिल्या नोकरीतल्या ४०१केमध्ये (कंपनीमार्फतचं निवृत्तीच्या बचतीचं खातं) चार हजारांच्या आसपास डॉलर पडून होते. त्याबद्दलचं पत्र पिझ्झाच्या कुपनांखाली दोन महिने दबून राहिलं, आणि मुदत उलटल्यावर पैसे परस्पर कुठल्याशा आयआरएमध्ये (वैयक्तिक निवृत्ती खात्यात) गेले. चूक वहिनींची नाही. फुकटात काम करणाऱ्या माणसाकडून किती अपेक्षा ठेवायची?

म्हणून व्हर्च्युअल मेलबॉक्स घ्यावा म्हणतोय. एनीटाइम मेलबॉक्स, आयपोस्टल वन, ट्रॅव्हलिंग मेलबॉक्स वगैरे नावं पाहिली. पत्ता त्यांचा, टपाल त्यांच्याकडे येणार, पाकिटाचा फोटो आपल्याला दिसणार, आपण सांगितलं की उघडून स्कॅन करणार, एवढं समजलं. अडलंय ते पुढे. आपलं टपाल त्यांनी घ्यावं अशी परवानगी देणारा पोस्टाचा १५८३ नंबरचा फॉर्म नोटरी करून लागतो, तो पुण्यात बसून कसा करायचा? आपल्या कोर्टाबाहेरचा नोटरी चालेल का? बँकेला आणि ब्रोकरला हा पत्ता देता येतो की खातं गोठवतात? आणि काही जण म्हणतात फ्लोरिडा किंवा टेक्सासचा पत्ता घे, तिथे स्टेट टॅक्स नाही. त्यात काही तथ्य आहे का?

एक बँक, एक क्रेडिट कार्ड, एक ब्रोकरेज, एक ४०१के आणि आयआरएसची (तिथल्या आयकर खात्याची) अधूनमधून येणारी प्रेमपत्रं, एवढाच पसारा आहे.

शनिवारपेठी

कोर्टाबाहेरच्या नोटरीच्या फंदात पडू नका. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत नोटरी होते, पण एका शिक्क्याला ५० डॉलर, शिवाय अपॉइंटमेंट आणि एक्स्प्रेसवेची वारी. त्यापेक्षा ऑनलाइन नोटरी करा. नोटरी अमेरिकेत बसलेला, आपण पुण्यात, व्हिडिओ कॉलवर सही. बऱ्याच मेलबॉक्सवाल्यांची स्वतःचीच सोय असते.

गंमत म्हणजे ओळख पटवायला ते तुमच्या सोशल सिक्युरिटी नंबरावरून (तिथल्या ओळख क्रमांकावरून) प्रश्नपत्रिका काढतात. खालीलपैकी कोणत्या रस्त्यावर तुम्ही राहत होतात, अमुक साली कुठल्या गाडीचं कर्ज होतं, असले पाच प्रश्न, वेळ दोन मिनिटं. मी पहिल्यांदा नापास झालो. पंधरा वर्षांपूर्वीच्या अपार्टमेंटच्या गल्लीचं नाव कुणाला आठवतं! जुने पत्ते आधी कागदावर काढून ठेवा.

कागद दोन लागतात, एक फोटोवाला आणि एक पत्त्याचा. भारतीय पासपोर्ट चालतो. पत्त्यासाठी मी भाडेकरार दिला, तो मराठीत म्हणून परत आला. मग गाडीचं आरसी दिलं, ते चाललं. बायकोच्या नावाने टपाल येत असेल तर तिचा फॉर्म वेगळा.

टपालहंस

वरच्याला +१, पण मुख्य मुद्दा राहिलाय.

या मेलबॉक्सवाल्या दुकानांना अमेरिकन पोस्टात वेगळा दर्जा असतो, आणि त्यांचे सगळे पत्ते पोस्टाच्या यादीत तसे नोंदलेले असतात. घराच्या पत्त्यावरून अशा दुकानाकडे टपाल वळवायचा अर्ज पोस्ट घेतं. दुकानाकडून पुढे दुसरीकडे वळवायचा अर्ज मात्र घेत नाही. अभिमन्यूसारखं आहे, आत शिरायची विद्या आहे, बाहेर पडायची नाही. मेलबॉक्स बंद केलात तर सहा महिने टपाल पुढे पाठवायची जबाबदारी त्या दुकानदाराची, तीही तुमच्या खर्चाने. त्यानंतर राम राम. म्हणून महिना दोन डॉलर वाचतात म्हणून कुठलंही टपरीवजा दुकान निवडू नका. बरेच मोठे ब्रँड स्वतः दुकान चालवत नाहीत, गावोगावच्या कुरिअरवाल्यांना जोडून घेतात. तो कुरिअरवाला उद्या शटर ओढून गेला तर तुमचा पत्ताही गेला. कंपनीच्या स्वतःच्या जागेचा पत्ता मिळत असेल तर तो घ्या.

मित्राचं घर डिसेंबरपर्यंत हातात आहे हे तुमचं नशीब. क्रम असा ठेवा: आधी १५८३ मंजूर करून घ्या, मग पोस्टाच्या साइटवर मित्राच्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर बदल टाका. तिथे 'वैयक्तिक' निवडा. चुकून 'कुटुंब' टाकलंत आणि मित्राचं आडनाव तुमचंच असेल, तर त्याचीही पत्रं तुमच्याकडे. सव्वा डॉलरच्या आसपास फी कार्डाने भरावी लागते आणि कार्डाचा बिलिंग पत्ता जुना किंवा नवा, दोन्हीपैकी एक असावा लागतो. म्हणून कार्डाचा पत्ता घाईने पुण्याचा करू नका, आधी हे काम उरका. जुन्या पत्त्यावर खातरजमेचं पत्र येईल, वहिनींना सांगून ठेवा, नाहीतर पुन्हा रात्री अडीचला फोन.

आणि हे वळवणं जादा पैसे भरल्याशिवाय वर्षभरच चालतं. बँकांच्या पाकिटांवर तर बरेचदा 'पुढे पाठवू नका, परत करा' असंच छापलेलं असतं. नवं कार्ड पोस्टाच्या भरवशावर कधीच येणार नाही, प्रत्येक ठिकाणी जाऊन पत्ता स्वतः बदलावा लागतो.

कोकणी_कॅल्क्युलेटर

पैशाची बाजू मी सांगतो, माझं याच भानगडीत डोकं पिकलंय.

बँकेला राहता पत्ता वेगळा आणि टपालाचा पत्ता वेगळा लागतो. राहता पत्ता घेणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे, आणि मेलबॉक्सचा पत्ता तिथे टाकलात तर संगणक ओळखतो. राहता पत्ता म्हणून पुणे द्या, टपालासाठी मेलबॉक्स. "पुणे सांगितलं तर खातं बंद करतील" ही भीती खरी आहे, काही जण करतातही. पण तुम्ही एडिसनला राहता असं तीन वर्षं कागदोपत्री चाललंय, ते मेलबॉक्स घेऊन आणखी दहा वर्षं रेटायचा विचार असेल तर करू नका. मेलबॉक्स टपालासाठी आहे, तुम्ही कुठे राहता ते लपवायला नाही.

ब्रोकरकडे डब्ल्यू-८बेन (अमेरिकेबाहेर राहणाऱ्याने भरायचा कराचा फॉर्म) भरला होतात का? २०२२ मध्ये सही केली असेल तर तो ३१ डिसेंबर २०२५ ला संपतो, सहीच्या पुढची तीन कॅलेंडर वर्षं. त्यात कायमचा पत्ता पुण्याचाच हवा, केअर ऑफ किंवा पोस्ट बॉक्स चालत नाही. फॉर्म चालू असेल तर डिव्हिडंडवर भारत-अमेरिका कराराप्रमाणे २५ टक्के कापतात. आणि भरलाच नसेल, अजून डब्ल्यू-९वरच (अमेरिकेतल्या रहिवाशाने भरायचा फॉर्म) गाडी चालू असेल, तर मेलबॉक्स बाजूला ठेवा, आधी ते निस्तरा.

तुमच्या ४०१केचं जे झालं ते नियमातच बसतं. शिल्लक ७,००० डॉलरच्या आत असेल (२०२४ च्या आधी ही मर्यादा ५,००० होती) तर जुन्या कंपनीची योजना तुमच्या उत्तराची वाट न बघता पैसे आयआरएमध्ये हलवू शकते. १,००० च्या आत असेल तर थेट चेक काढून मोकळी होते. पैसे बुडालेले नाहीत, तो आयआरए कुणाकडे आहे ते शोधा. पत्रं परत जात राहिली तर काही वर्षांनी खातं बेवारस ठरून रक्कम राज्य सरकारकडे जमा होते. तीही मागता येते, पण कागदपत्रं करता करता जीव जातो.

राज्याबद्दल: तुम्ही भारतात राहता, अमेरिकेत पगार नाही, घर नाही. फ्लोरिडाचा मेलबॉक्स घेतल्याने कर वाचत नाही आणि जर्सीचा घेतल्याने लागत नाही. ती चर्चा अमेरिकेतच राहून राज्य बदलणाऱ्यांची.

चिंचेचा_कोळ

थोडं अवांतर. मेलबॉक्सवाल्याला 'सगळं आपोआप उघडा' असं सांगू नका. तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर, १०४२-एस (परदेशी माणसाच्या तिथल्या उत्पन्नाचं करपत्रक), बँकेचे आकडे, सगळं एक अनोळखी माणूस उघडून मशीनवर ठेवणार. आधी पाकीट बघा, मग ठरवा. निम्मं टपाल पाकीट बघूनच फाडून टाकायला सांगता येतं.

आणि आयआरएसला मेलबॉक्सचा पत्ता कशाला? ८८२२ (पत्ता बदलाचा फॉर्म) भरून सरळ पुण्याचा द्या. पत्रं उशिरा येतात हे खरं, पण कराच्या तुटीची जी मोठी नोटीस असते तिच्याविरुद्ध कोर्टात जायला देशातल्या माणसाला ९० दिवस मिळतात आणि देशाबाहेरच्याला १५०. आमच्या पोस्टमनकाकांनी तर आयआरएसचं पाकीट घरी आणून दिलं आणि "साहेब, सगळं ठीक ना?" असं विचारलंही.

परतलेला_पाहुणा

काय बोलू, तुम्ही लोकांनी वकील आणि सीए दोघांचे पैसे वाचवले.

@कोकणी_कॅल्क्युलेटर, बोट बरोबर दुखऱ्या जागी ठेवलंत. डब्ल्यू-८बेन २०२२ च्या ऑगस्टमध्ये भरला होता, त्यामुळे डिसेंबरात संपतोय. पण त्यात पत्ता पुण्याचा आणि खात्यावर एडिसनचा. बँकेत तर सगळीकडे एडिसनच आहे. तुम्ही म्हणता ते पटतंय, पण पोटात गोळा आलाय.

एक राहिलं. चेक आला तर? स्कॅन केलेल्या चेकचा फोटो बँकेच्या ॲपवर टाकला तर चालतो का?

टपालहंस

छापील फोटोचा फोटो टाकू नका, बँका नाकारतात आणि वर खात्यावर शंका घेतात. मेलबॉक्सवाले थोडी फी घेऊन मूळ चेक तुमच्या बँकेकडे टपालाने पाठवतात, ते करा. आयआरएसचा परतावा तर थेट खात्यात मागा. ३० सप्टेंबर २०२५ पासून सरकारने कागदी चेक बंद करायला सुरुवात केलीच आहे. म्हणजे एक तरी अमेरिकन बँक खातं जिवंत ठेवणं भाग आहे.

परतलेला_पाहुणा

तीन आठवड्यांनी ताजी खबर, पुढच्यांच्या उपयोगी पडावी म्हणून.

प्रश्नपत्रिका पास झालो, पाचपैकी चार. अडला तो प्रश्न माझ्याच पहिल्या गाडीच्या कर्जाचा होता. १५८३ मंजूर झाला, मेलबॉक्स महिना पंधरा डॉलरच्या आतला. ब्रोकरला फोन करून सरळ पुणे सांगितलं. चाळीस मिनिटं होल्डवर ठेवून बाई म्हणाल्या, खातं राहील, आहे ते विकता येईल, नवीन काही घेता येणार नाही. एवढ्यावर निभावलं. बँकेने राहता पत्ता पुण्याचा घेतला, टपालाचा वेगळा घेतला, एक शब्द विचारला नाही. तीन वर्षं उगाच घाबरत होतो.

मेलबॉक्समध्ये आलेलं पहिलं पाकीट पोस्टाचंच, 'तुमचा पत्ता बदलला आहे' हे कळवणारं. मी ते मोठ्या उत्सुकतेने उघडून स्कॅन करायला लावलं आणि महिन्याच्या मोफत स्कॅनांपैकी एक त्यात घालवला.

तो हरवलेला आयआरए अजून शोधतोय. जुन्या कंपनीचा एचआर ईमेलला उत्तर देत नाही. यातून कुणी गेलं असेल तर सांगा.